विहीर क्रमांक दोनशे चौदा

बाहेर सेहेचाळीस. अमरावती रोडवरचं डांबर
चपलेला धरून ठेवतं.
आत, दोन दारांपलीकडे, अठरा.
मे महिन्यात अख्ख्या नागपुरात स्वेटर घालून बसणारा
बहुधा मी एकटाच.
माझं काम यंत्रांना ऊन लागू न देणं.
संशोधन बाकीचे करतात.

रूपल डोंगरे, भूजलशास्त्र, पीएचडीचं चौथं वर्ष.
तिनं रजिस्टरं आणली गोणपाटात बांधून,
वाळवीनं कडा खाल्लेली,
कुही, मौदा, उमरेड, काटोल,
त्रेसष्ट विहिरी,
प्रत्येकीचं वर्षातून चारदा मोजलेलं पाणी
आणि प्रत्येक पानाखाली तीच तिरकी सही: श्रा. उईके.
हिवाळाभर ती आकडे भरत बसली.
मग मी तिला चाळीस प्रोसेसर दिले, दोन रात्री,
आणि तो भिंतीएवढा पडदा,
ज्यावर एरवी पाहुण्यांना विद्यापीठाचा माहितीपट दाखवतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी जमीन उघडली.
काळा दगड काचेसारखा झाला
आणि त्याच्या भेगांतून निळं काहीतरी
वर-खाली होऊ लागलं, झोपलेल्या पोटासारखं.
एक सेकंद म्हणजे एक ऋतू.
पाऊस. फुगलं.
मे. खाली. अजून खाली.
काटोलकडे, संत्र्यांच्या बागांखाली, असं खचलेलं
की गादीवरून कुणी नुकतंच उठून गेलंय.
या फायली मीच कॉपी केल्या होत्या.
त्यांत पाणी आहे हे मला कळलं नव्हतं.

फक्त एका ठिकाणी, मांढळच्या शिवारात,
सत्त्याण्णवचा मे येताच
निळ्यातून एक खिळा उभा राहायचा.
सगळं खाली जाताना तो एकटा वर.
रूपलनं आधी स्वतःच्या प्रोग्रामला शिव्या दिल्या,
मग माझ्या यंत्रांना. अकरा दिवस.
तिच्या गाइडना वाटलं, खाली जिवंत झरा असणार;
निबंधाचं शीर्षकसुद्धा त्यांनी सुचवून ठेवलं.

उईके आता मोजायला जात नाहीत.
मोतीबिंदूचं झाल्यापासून विभागात बसतात.
रजिस्टरं परत न्यायला आले,
दाराबाहेर चपला काढून,
देवळात काढतात तशा नाही, ओल्या शेतात काढतात तशा.
पडद्यासमोर बराच वेळ उभे.
कुठेच नाव लिहिलेलं नव्हतं, तरी बोटानं सांगत गेले:
ही बुजवली. हिच्यात धामण राहायची.
हिचा काठ ढासळलेला, कमरेला दोर बांधून मोजावं लागे.
काचेवर बोटांचे ठसे उमटत होते.
मला ते पुसायचे होते. पुसले नाहीत.

मग मे आला. खिळा आला.

"मॅडम," ते म्हणाले, "तो आकडा खोटा हाय. माहा हाय."
पोराले ताप होता. मेयोत खाटेपाशी दोन राती.
साहेबाले तक्ता तर वेळेवर पायजे.
मंग मागच्या नोव्हेंबरचा उतरवला अन् पाठवून देल्ला.
"कोनाले कळंल असं वाटलं नोतं."

यंत्रांचे पंखे घरघरत राहिले.
रूपल खुर्चीत अर्धी वळलेली, तशीच.
"पोरगा?" मी विचारलं.
"हाय ना. बुटीबोरीले कंपनीत. रातपाळी करते."

तिनं आकडा काढला, रकान्यात लिहिलं: मोजलं नाही.
शेजारी कारणाचा रकाना होता.
त्यात कर्सर लुकलुकत राहिला, लुकलुकत राहिला,
मग तिनं तो तसाच सोडला.
गाइडच्या झऱ्याचं काय ते उद्या.

पुन्हा गणित लावलं.
पडद्यावर आलं: शिल्लक वेळ, एकतीस तास.
उईके हसले. "एकतीस?
तेवढ्यात सायकलनं मांढळले जाऊन
मोजून आलो असतो मी."
असतो, म्हणाले,
आणि चपला शोधायला वळले.